मोहोडांच्या घरची बिनदुधाची मलई

मोहोडांच्या घरून आजवर कोणीही उपाशी उठलेलं नाही, असं केशवराव मोहोड हातावर पाणी घेऊन सांगू शकत होते. दुष्काळ आले आणि गेले, पाहुणे आले आणि काही तर गेलेच नाहीत, पण वाढणाऱ्याचा हात कधी थांबला नाही. या थोर परंपरेला आजवर एकच अपवाद घडला होता, आणि तो नेमका त्यांचा होणारा जावई होता.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी, सगळ्या पंगतीच्या साक्षीनं, रोहित गावंडे या मुलानं पानातली पुरणपोळी तुपासकट बाजूला सारली, कढीची वाटी मागे लोटली, जिलबीला लांबूनच नमस्कार केल्यासारखी मान हलवली आणि काकडीच्या चार फोडी खाऊन हात धुतले. केशवरावांना आधी वाटलं, पोरगा लाजतो. मग वाटलं, उपास असेल. त्यांनी अपेक्षाला, म्हणजे आपल्या लेकीला, मांडवाच्या खांबाआड घेतलं.

"कोन्ता वार धरते हा?"

"वार नाही बाबा, तो व्हेगन आहे. दूध, दही, तूप, काहीच खात नाही. मधसुद्धा नाही."

"सुटते कधी?"

"काय?"

"हा उपास."

"सुटत नाही, बाबा."

केशवराव पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी फुटलेला कालवा पाहिला होता, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वाहून गेलेला पूल पाहिला होता, आणि दोन्ही प्रसंगी ते व्यवस्थित जेवले होते. त्या दिवशी मात्र त्यांच्या घशाखाली घास उतरेना. मराठी माणसानं दारू सोडली, विडी सोडली, एखाद्यानं संसार सोडला, इथपर्यंत त्यांची समज पोचत होती. पण तूप?

मांडवाचे बांबू निघण्याआधी बातमी तेल्हाऱ्याला पोचली, कारण गावंडे मूळचे तेल्हाऱ्याचे. तिथून ती हिवरखेडला गेली आणि वाटेत काकडीच्या दोन फोडी गळाल्या. पुढच्याच आठवड्यात बार्शीटाकळीला एका तेरवीला गेले असता, शेजारच्या पाटावरच्या अनोळखी गृहस्थानं केशवरावांना निरखून विचारलं, "तुमीच का जी ते, काकडीवाले?"

केशवराव त्या पंगतीतून अर्धपोटी उठले. तेवढाच समतोल.

हे सगळं काळानं झाकलं गेलं असतं. पण अकोल्याहून व्याही किसनराव गावंडे यांचा फोन आला. बस्ता, म्हणजे लग्नाचे कपडे, घ्यायला ते अमरावतीलाच येणार होते. येत्या रविवारी. ते, विहीणबाई आणि रोहित.

"जेवाची काई खटपट करू नका, इवाईबुवा," किसनराव मोठ्या मनानं म्हणाले. "पोरगा आपला डबा घेऊन येईन."

केशवरावांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. "डबा?"

"हो ना. तुमाले तरास नको."

"जावई. माह्या घरी. डबा घेऊन येईन?"

"आता त्याचं खानंच तसं हाय..."

"किसनराव," केशवरावांचा आवाज एकदम कार्यालयीन झाला, "तो डबा अकोल्यालेच राहू द्या. रविवारी मी सोता रांधतो."

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. साधनाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हे वाक्य ऐकलं होतं. त्यांच्या उभ्या संसारात केशवरावांनी स्वयंपाकघरात एकच काम केलं होतं, ते म्हणजे ओट्याच्या उताराबद्दल गवंड्याशी भांडण.

अपेक्षा पुण्यात नोकरीला. तिला सुट्टी नव्हती, म्हणून तिचं मार्गदर्शन फोनवरून होणार होतं. रोहितला सगळ्यात जास्त काय आवडतं, या प्रश्नाचं उत्तर तिनं क्षणात दिलं: क्रीमी पास्ता. पांढऱ्या, दाट, मलईदार सॉसमधला. फक्त त्यात दूध, लोणी, चीज आणि मलई नको. "आणि बाबा, त्याच्या आईंना शुगर आहे, बाबांना बीपी. म्हणजे मैदा नको, तेलही जरा बेतानं. हेल्दी करा."

केशवरावांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि अंगणात येऊन बसले. भिंतीपलीकडून नत्थुजी धर्माळे डोकावले. नत्थुजींची शेती होती, म्हैस होती, आणि सल्ला देणं हा जोडधंदा होता.

"काहून, तोंड काहून उतरलं?"

"मलईदार पाह्यजे म्हनते, नत्थुजी. पन मलई नको."

नत्थुजींनी बराच विचार केला. "म्हंजे धरन बांधाचं, भिंत बांधाची, दरवाजे बसवाचे, पन पानी नाई पाह्यजे."

"तशी मी बांधली हायेत," केशवराव म्हणाले.

आणि या आठवणीनंच त्यांना धीर आला. कोणतंही काम अशक्य नसतं, त्याचं प्राकलन, म्हणजे अंदाजपत्रक, नीट हवं. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातली एक बाई फारच विश्वासार्ह होती, कारण ती हातमोजे घालत होती. तिच्या मते मलईचं रहस्य भिजवलेल्या काजूंत होतं आणि चीजच्या चवीचं रहस्य 'न्यूट्रिशनल यीस्ट' नावाच्या पिवळ्या भुकटीत. काजू मिळाले, गव्हाच्या पास्त्याची तीन पाकिटंही मिळाली. भुकटीसाठी केशवराव किराणा दुकानातून डेअरीत, डेअरीतून परत किराण्यात आणि शेवटी औषधाच्या दुकानात गेले.

"चिठ्ठी?" औषधवाल्यानं विचारलं.

"चिठ्ठी नाई. जावयासाठी पाह्यजे."

"काय होऊन राहिलं त्यायले?"

"काई नाई. तब्येत चांगली हाय. दूध-तूप खात नाई, बस."

औषधवाल्यानं सहानुभूतीनं मान हलवली. "वय काय? बी-कॉम्प्लेक्स देऊ काय सध्या?"

शेवटी एका बेकरीवाल्यानं यीस्ट दिलं. ते पावाचं होतं, पण यीस्ट हे यीस्टच, असा केशवरावांनी तांत्रिक निर्णय घेतला. काजूच्या वाटणात ते घातलं, चवीला चिमूटभर साखर टाकली, पहिलं पास्त्याचं पाकीट उकळून त्यात मिसळलं आणि मुरायला म्हणून झाकून ठेवलं. सकाळी साधनाताई स्वयंपाकघरात गेल्या त्या उलट्या पावलीच बाहेर आल्या.

"अवो, तुमची मलई चालून राहिली."

झाकण वर उचललं गेलं होतं आणि त्याखालून फुगलेला पांढरा पदार्थ ओट्यावर उतरत होता. ओट्याला उतार नव्हता हे केशवरावांचं म्हणणं अखेर सिद्ध झालं, कारण तो एकाच जागी साचत होता. नत्थुजींना तपासणीला बोलावण्यात आलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"आंबली," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा घेतला. "पन वास ओळखीचा हाय."

दुसरं पाकीट कुकरमध्ये गेलं. गव्हाचा पास्ता आहे, म्हणजे मूळचा गहूच, आणि खिचड्याचे गहू शिजायला कुकरच लागतो. या तर्कात केशवरावांना आजही चूक दिसत नाही. शिट्ट्या झाल्या. झाकण उघडल्यावर आत पास्ता नव्हता, खळ होती. ती इतकी उत्तम होती की नत्थुजींनी येत्या निवडणुकीपर्यंत जपून ठेवायचा सल्ला दिला. पोस्टरं लावायला एवढी पकड बाजारात मिळत नाही. बेबीताई उंबरकर, पलीकडच्या घरच्या, ज्यांच्या घरचा भाजीपाल्याचा मळा आणि बाजारात गाळा होता, त्यांनी चमचा उभा करून पाहिला. चमचा उभाच राहिला.

"भाऊ, तुमी फुलकोबीची काहून नाई करत?" बेबीताई म्हणाल्या. "उकडली अन् वाटली तं पांढरीशिप्पट होते. आमच्या धाकल्या सुनेनं मोबाइलात पाह्यलं. काजूचं तेल तं तुपाहून वंगाळ. इहीनबाईची शुगर काय म्हनन?"

सल्ला चांगला होता आणि तो शेजारणीकडून आला होता, म्हणून केशवरावांनी तो तत्काळ फेटाळला. त्यांच्या डोक्यात आता सोयाबीन होतं. वऱ्हाडात सोयाबीन पेरतात, सोंगतात, विकतात, त्याच्या भावावरून रस्ता अडवतात. खात मात्र कोणी नाही. ही विसंगती एका अभियंत्यानं दूर करायची नाही तर कोणी? नत्थुजींच्या घरून सोयाबीन आलं, भिजलं, मिक्सरमध्ये वाटलं गेलं आणि शनिवारी दुपारी मोठ्या पातेल्यात त्याचं दूध उकळायला ठेवण्यात आलं.

सोयाबीनच्या दुधाला फेस येतो आणि तो साध्या दुधासारखा इशारा देऊन येत नाही, हे हातमोजेवाल्या बाईनं सांगितलं नव्हतं. केशवराव जन्मभर धरणांच्या सांडव्याची उंची काढत आले होते. पातेल्याला सांडवा नसतो. फेस चहूबाजूंनी उतरला, ओट्यावर ठेवलेलं तिसरं आणि शेवटचं पास्त्याचं पाकीट, जे त्यांनी नुकतंच फोडलं होतं, पोटात घेतलं, आणि शेगडी विझवली. गॅस चालूच राहिला. केशवराव त्या वेळी पुसायला फडकं शोधत होते, म्हणजे नेमकं कुठं असतं ते साधनाताईंना विचारत घरभर फिरत होते.

कच्च्या सोयाबीनचा वास आणि गॅसचा वास एकत्र भिंत ओलांडून गेले.

"वैनी! ग्यास सुटला! लाइटची बटनं दाबू नका! भाईर निंगा सारे!" बेबीताईंनी एका श्वासात गल्ली मोकळी केली आणि दुसऱ्या श्वासात एजन्सीला फोन केला.

एजन्सीचा माणूस आला तो फारच सभ्य होता. त्यानं टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या, नळी वाकवून पाहिली आणि तिची मुदत संपून गेल्याचं हळुवारपणे सांगितलं. मग आपल्या मोबाइलमध्ये पाहून म्हणाला, "भगवंतराव मोहोड कोन?"

"माहे वडील."

"बोलवा जरा त्यायले."

केशवरावांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं. माणसानं फोटोला हात जोडले. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू धक्का उमटला. "मंग इतके वर्सं टाकी कोन घेऊन राहिलं?"

"आमीच."

"नियमानं पाह्यलं तं, साहेब, या घरात अजून तेच रांधून राहिले."

फोटोतल्या भगवंतरावांनी हयातीत स्वतःसाठी कधी चहासुद्धा केला नव्हता. या आरोपानं तेही जरा दचकल्यासारखे दिसले.

"नाव बदलावं लागन. वारसाची संमती, मृत्यूचा दाखला, तुमचं आधार. अन् नाई तं मंग," तो क्षणभर थांबला, "त्यायचा अंगठा."

"उद्या माह्या घरी जावई येऊन राहिला!"

"उद्या आयतवार. साहेब सोमवारी भेटतीन. तवलक कनेक्शन बंद."

साहेब सोमवारी भेटतील, हे वाक्य केशवरावांनी नोकरीत इतक्या शेतकऱ्यांना इतक्या प्रेमानं सांगितलं होतं, की ते उलट्या बाजूनं ऐकताना त्यांना एकदम बसावंसं वाटलं. ते बसले. ओट्यावरून सोयाबीनचं दूध एकेक थेंब त्यांच्या पायावर पडत होतं.

घरात विजेची शेगडी होती, पण ती साधनाताईंची बहीण जमुना हिनं दोन दिवसांसाठी अकोल्याला नेली होती, आणि नेली तेव्हाच ती परत येणार नाही हे सर्वांना ठाऊक होतं. बेबीताईंनी आपलं स्वयंपाकघर देऊ केलं. केशवरावांनी हात वर केला.

"जावयाचं जेवन दुसऱ्याच्या चुलीवर? तेल्हाऱ्यात कळलं तं?"

तेव्हा रविवारी सकाळी, ज्या घरात लेकीच्या लग्नासाठी म्हणून मॉड्युलर किचन केलं होतं, त्या घराच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली गेली. नत्थुजींनी रोडग्यांसाठी राखून ठेवलेल्या गोवऱ्या टोपलंभर आणल्या. शेतात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायचा बेत असला की त्या लागतात. जावयासाठी त्यांनी दिल्या, हा त्यागच होता. फुलकोबीही आली. केशवराव बेबीताईंकडे न पाहता म्हणाले, की कोबीचा विचार आपल्या मनात आधीपासूनच होता. बेबीताईंनी कोबीच्या गड्ड्यावर जरा जोरात सुरी मारली.

गोवरी पेटवायच्या आत नत्थुजींनी काडी विझवली.

"भाऊ. एक शंका."

"बोला."

"हा पोरगा गाईचं दूध खात नाई. तूप नाई. मंग शेन कसं चालन?"

साधनाताईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. तत्त्वाच्या दृष्टीनं हा प्रश्न साधा नव्हता. केशवरावांना तर वाटलं, की त्यांच्या पायाखालचा पायाच खचला. त्यांनी तडक पुण्याला फोन लावला.

"अपेक्षा, त्याले गोवऱ्या चालतात का?"

"बाबा, तुम्ही त्याला नेमकं काय वाढताय?"

"वाढत नाई वो! जाळून राहिलो!"

"मग जाळा ना, बाबा! तो काही गोवरी खाणार नाहीये!"

हा निर्णय नत्थुजींना फारसा पटला नाही. पण काडी पुन्हा ओढली गेली. धूर उठला. कोबी उकडली, तिच्यात लसूण, भाजलेले पांढरे तीळ आणि आधीचे उरलेले मूठभर काजू पडले, मिक्सर फिरला, आणि वाटणाला जो रंग आला, जो दाटपणा आला, तो पाहून केशवरावांचे डोळे पाणावले. काही अंशी धुरानं. पण काही अंशी खरोखर. बोट बुडवून त्यांनी चाखलं. मलई होती. दुधाचा थेंब नसलेली, तेलाचा तवंग नसलेली, शुगर-बीपी दोन्हींना तोंड दाखवता येईल अशी मलई.

तेवढ्यात किसनरावांचा फोन. "मूर्तिजापूर सोडलं हो इवाईबुवा. अन् पोरानं डबा आनलाच हाय. म्हनलं, असू द्या आपला."

आणि तेव्हा, फोन खिशात ठेवता ठेवता, केशवरावांना आठवलं की घरात पास्ता नाही.

साधनाताई धुरानं लाल झालेले डोळे धुऊन साडी बदलायला आत गेल्या होत्या. नत्थुजी गोवऱ्या सारत होते. केशवराव स्कूटरवर दोन दुकानं फिरून आले. गव्हाचा पास्ता आठवड्यानं येणार होता, तोही मागवला तर. मैद्याचा होता, पण मैदा म्हणजे विहीणबाई. घरी येऊन ते मोठं पातेलं काढायला कोठीच्या खोलीत शिरले, आणि पातेल्यामागे त्यांना लाल फडक्यात बांधलेले डबे दिसले. एकाचं फडकं त्यांनी सोडलं.

आत पास्ता होता.

बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, दोन्ही बाजूंनी पोकळ, अंगावर बारीक सरळ रेघा. व्हिडिओतल्या बाईच्या पास्त्यात आणि यात फरक एवढाच होता, की यावर हळदीकुंकवाची पुडी ठेवली होती. गव्हाचाच रवा, घरचा, फणीवर घासून वळलेला. केशवरावांच्या मनात कृतज्ञता दाटून आली. बायकोनं न सांगता केवढी तयारी करून ठेवली होती! त्यांनी पुडी अलगद बाजूला ठेवली आणि अख्खा डबा चुलीवरच्या उकळत्या पाण्यात रिकामा केला.

साधनाताई नव्या साडीत बाहेर आल्या. आधी त्यांना लाल फडकं दिसलं. मग डबा. मग पातेलं.

"हे काय केलं?"

"पास्ता."

"फणुल्या? रुखवताच्या फणुल्या?" साधनाताईंनी डबा उलटा करून पाहिला.

बेबीताईंनी तोंडावर हात नेला. उन्हाळाभर त्यांनी, साधनाताईंनी आणि अकोल्याहून आलेल्या जमुनानं पाटावर बसून, गाणी म्हणत म्हणत, अपेक्षाच्या रुखवतासाठी वळवट, म्हणजे रव्याचे हातानं वळायचे प्रकार, केलं होतं: गव्हले, नखुल्या, मालत्या आणि या फणुल्या. ते लग्नात मांडवात मांडायचं, मग लेकीसोबत सासरी जायचं. बेबीताईंच्या बोटांना त्या फणीचे घट्टे अजून होते.

"मांडव पडाच्या आदी रुखवत फोडलं का जी, भाऊ?" बेबीताई हळूच म्हणाल्या. एखाद्या घरी अपघात झाला की लोक विचारतात, त्या स्वरात.

केशवराव पातेल्याकडे पाहत राहिले. फणुल्या पाण्यात गोल गोल फिरत होत्या. आत्ता काढल्या तरी त्या रुखवताच्या राहणार नव्हत्या.

"अन् अवो," साधनाताईंना अचानक काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला, "त्याच्यात तं..."

"एक शब्द नको, साधना."

"पन आयका तं खरं, त्या फणुल्या..."

"एक शब्द नको म्हनलं ना! जे काय बोलाचं ते पाव्हने गेल्यावर!"

दारात गाडीचा हॉर्न वाजला.

किसनराव उतरले, विहीण रुख्मिणीबाई उतरल्या, आणि शेवटी रोहित उतरला. त्याच्या हातात हिरवा डबा होता. लाजत लाजत त्यानं तो दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवला. केशवरावांना तो डबा अख्ख्या खोलीत एकटाच बसलाय असं वाटलं. गप्पा झाल्या, पाणी झालं, बिनदुधाचा लिंबाचा चहा झाला, आणि सगळा वेळ केशवराव त्याच्याकडेच पाहत होते.

मग पानं मांडली. एका डब्यात सगळे भागणार नव्हते, म्हणून बाकीच्यांसाठी पोळी, भाजी, वरण होतं; रोहितच्या ताटात पांढरा, दाट, वाफाळता ढीग, वरून मिरपूड. सगळे त्याच्याकडे बघू लागले. भिंतीपलीकडून नत्थुजींचं डोकं आणि त्याच्या बाजूला बेबीताईंचं डोकं वर आलं.

रोहितनं एक घास घेतला. थांबला.

केशवरावांना काकडी दिसू लागली.

"बाबा," रोहित केशवरावांकडे वळून म्हणाला, आणि त्याचे डोळे मोठे झाले होते, "हे कुठून मागवलं?"

"मागवलं नाई. रांधलं."

रोहितनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग बोलणं सोडून दिलं. किसनरावांनी संशयानं चमचाभर घेतला आणि लेकाकडे हबकून पाहिलं. "हे कोबी हाय? कोबी? घरी कोबी केली तं हा पोरगा ताट सोडून उठते!"

"मी बेंगळुरूत, मुंबईत, सगळीकडे व्हेगन पास्ता खाल्लाय," रोहित वाढून घेत म्हणाला. "हेल्दी म्हणून देतात, आणि लागतो पुठ्ठ्यासारखा. याला अशी चव कशी? आतून काहीतरी वेगळंच आहे. पास्त्यातच आहे."

"धूर," केशवराव गंभीरपणे म्हणाले. "गोवरीचा धूर आतवर जाते. शास्त्र हाय त्याच्यात." आणि त्यांनी सॉसचं प्रमाण, कोबीचं पाणी गाळण्याचं तंत्र आणि तिळाचं कार्य यांवर एक छोटेखानी व्याख्यान दिलं. साधनाताईंच्या हातातला डाव वरणात पडला.

रुख्मिणीबाई पुढे वाकल्या. त्यांनी रोहितच्या ताटातून एक फणुली उचलली, तिच्यावरच्या रेघा बोटानं पाहिल्या, तिचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. मग त्यांनी साधनाताईंकडे पाहिलं. साधनाताई पाण्याच्या तांब्याकडे पाहू लागल्या.

"वाढा जी अजून त्याले," रुख्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या. "भुकेजला हाय पोरगा."

रोहितनं तिसऱ्यांदा घेतला. किसनरावांनी जेवणावरून उठता उठता तेल्हाऱ्याला, आपल्या भावाला फोन लावला, आणि तो मोठ्यानं लावला, हे त्यांचं औदार्य. "हो हो, पोट भरून! अबे नाई, डबा तसाच हाय. उघडलाच नाई. सांग सगळ्याइले." भिंतीपलीकडे नत्थुजींनी बेबीताईंना टाळी दिली. केशवरावांनी फोटोतल्या भगवंतरावांकडे पाहिलं. परंपरा पुन्हा उभी राहिली होती.

"बाबा, लग्नात हाच ठेवू," रोहित हात धुताना म्हणाला. "माझे सगळे व्हेगन मित्र येणार आहेत. असाच पाहिजे. अगदी हाच पास्ता."

"हाच!" केशवराव म्हणाले. "मी सोता उभा राहीन."

मग सगळे बस्त्याला गेले. शालू झाला, मानपानाच्या साड्या झाल्या, कोणाचं मन दुखावलं नाही, ही बस्त्याच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी गोष्ट. संध्याकाळी अकोल्याला परत निघताना रुख्मिणीबाईंनी साधनाताईंचा हात हातात घेतला आणि पुरुषांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हटलं, "रुखवताची चिंता करू नका, ताई. माह्याकडं हायेत फणुल्या करून. देते पाठवून." मग जराशानं, "अन् लग्नातल्या मी पान्यात भिजवून देईन."

गाडी वळली. हिरवा डबा तिच्या मागच्या काचेतून परत चाललेला दिसला, भरलेला, न उघडलेला. केशवराव तो नजरेआड होईपर्यंत फाटकात उभे होते. मग ते अंगणात आले, विझलेल्या चुलीशेजारी खुर्ची ओढून बसले आणि पाय लांब केले.

"तू सकाळी काय सांगून राहिली होती वो?"

"काई नाई."

"सांग ना. आता गेले पाव्हने."

साधनाताई रिकामा डबा लाल फडक्यात पुन्हा बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फणुल्याचा रवा दुधात भिजवा लागते. त्याबिगर वळत नाई."

केशवरावांनी लांब केलेले पाय जवळ घेतले. भिंतीपलीकडे नत्थुजींची म्हैस धारेसाठी हंबरली.

"तिच्याच," साधनाताई म्हणाल्या, आणि डबा आत ठेवायला गेल्या.